नऊ नंबरची पळवलेली बस

वाचकहो, पुढील पानांत एका बसचा, एका टेलिफोनचा आणि एका मनुष्याच्या संतापाचा वृत्तान्त यथाशक्ती सादर करण्यात येत आहे. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण सातव्या इयत्तेपाशी थांबले असल्याने एखादा शब्द वाकडा पडल्यास आपण सांभाळून घ्यावे. वृत्तान्त मात्र सांभाळून घेऊ नये. तो वाचून आपणांस राग यावा, हीच नम्र इच्छा आहे.

आमच्या आगारात एक कंट्रोलर होता. कोणती बस कोणत्या मार्गावर, किती वाजता सुटेल, हे ठरवणारा तो मनुष्य. त्याची खोली फाटकालगत, दहा बाय आठची. भिंतीवर लाकडी फळा, फळ्यावर चौसष्ट खिळे, प्रत्येक खिळ्याला पत्र्याचा एक बिल्ला, आणि प्रत्येक बिल्ला म्हणजे एक बस. वरच्या ओळींतले एकोणतीस बिल्ले बोटांच्या घामाने चकचकीत झालेले होते. खालच्या ओळींतले पस्तीस गंजलेले होते, कारण त्यांना वर्षानुवर्षे कोणी हात लावला नव्हता. टेबलावर दोन टेलिफोन असत. काळ्यावरून तो रस्त्यावरच्या कंडक्टरांशी बोले. पांढरा थेट मॅनेजरसाहेबांच्या खोलीला जोडलेला होता, आणि या कथेतील सर्व अनर्थ त्या पांढऱ्या टेलिफोनातून बाहेर आला.

त्याचे असे झाले. निवडणुकीत एक नवे नगरसेवक निवडून आले होते. ‘दर चार मिनिटांनी बस’ हे त्यांचे वचन होते, आणि निवडून आल्यावर त्यांना बसव्यवस्थेच्या समितीचे अध्यक्षपद मिळाले. गृहस्थ आळशी नव्हते. हातात सेकंद मोजणारे घड्याळ घेऊन ते स्वतः थांब्यावर जाऊन उभे राहत, म्हणून आगारात त्यांना सर्वजण मिनिटसाहेब म्हणत. सोबत एक फोटोग्राफर आणि एक सचिव. बस आली की मिनिटसाहेब घड्याळ थांबवीत, फोटो निघे, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येई की ‘अवघ्या तीन मिनिटांत बस हजर’.

बस हजर होत असे हे खरेच. का होत असे, ते आता ऐकावे. मिनिटसाहेब घरातून निघण्यापूर्वी त्यांचा सचिव शिष्टाचार म्हणून मॅनेजरना कळवी. मग मॅनेजर पांढऱ्या टेलिफोनवर येत.

“बाजार थांबा. चार नंबर. साहेब निघालेत.”

बस्स, एवढेच. मग कंट्रोलर फळ्याकडे पाही, बाजाराच्या आसपास कोणती बस धावते आहे ते शोधी, आणि काळ्या टेलिफोनवरून त्या बसच्या कंडक्टरला सांगे, “पाटी बदल. चार नंबर हो, आणि बाजारात जा.” ड्रायव्हरच्या आसनाखाली जादा पाट्या याच कामासाठी ठेवलेल्या असत. ज्या बिचाऱ्या मार्गावरची बस पळवली गेली, तेथील माणसे रस्त्याकडे डोळे लावून उभी राहत. परंतु तेथे मिनिटसाहेब नसत, आणि जेथे मिनिटसाहेब नाहीत तेथे उशीरही नाही, असा सर्वांचा सोयीचा समज होता.

अकरा महिने हे चालले. कंट्रोलरला त्यात पाप वाटत नव्हते. उलट आपण किती चपळाईने तीन मिनिटांत बस उभी करतो, याचा त्याला अंमळ अभिमानच होता. एकदा मिनिटसाहेब स्वतः त्याच्या खोलीत येऊन गेले होते. गंजलेल्या बिल्ल्यांकडे बोट दाखवून त्यांनी विचारले होते, “या कोणत्या बस?” मॅनेजर चटकन म्हणाले होते, “राखीव, साहेब.” मिनिटसाहेबांनी “वा, छान” म्हणून मान हलवली होती, आणि कंट्रोलरने खाली पाहून पेन्सिलीला टोक केले होते.

कंट्रोलरला एक थोरली बहीण होती. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेला. तिचे यजमान वारले होते आणि ती गिरणीच्या थांब्यामागे एका खोलीत एकटी राहत असे. दोन वर्षांपूर्वी ताईची मूत्रपिंडे निकामी झाली. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार सकाळी साडेआठला मोठ्या दवाखान्यात तिला मशीनवर घेत. चार तास रक्त बाहेर, रक्त आत. त्यासाठी ती गिरणीच्या थांब्यावरून सात चाळीसची नऊ नंबर पकडी. दवाखान्यात मशीन आठ आणि वाट पाहणारे रोगी तीस. म्हणून नियम कडक होता: एका महिन्यात तीन वेळा उशीर झाला, तर पाळी पुढच्या रोग्याला. पाळी गेली की दुसरे केंद्र दोन तासांच्या अंतरावर, आणि तेथे जाऊन येऊन जगण्याइतके बळ ताईच्या अंगात उरले नव्हते. हे ताईला ठाऊक होते, भावालाही ठाऊक होते, फक्त दोघे त्याविषयी बोलत नसत.

त्या महिन्यात तिला दोनदा उशीर झाला.

दुसऱ्या उशिराच्या संध्याकाळी कंट्रोलर तिच्याकडे जेवायला बसला होता. ताईने ताट त्याच्यापुढे जरा आपटूनच ठेवले.

“काय रे, तुझ्या बसला पाय फुटलेत की पंख?”

“का? काय झालं?”

“सात चाळीसची आलीच नाही. मागच्या मंगळवारीपण अशीच. आज तर ती आमच्या शिवणवाल्या बाईने डोळ्यांनी बघितली. वळणापर्यंत आली, थांबली, ड्रायव्हरने पाटी काढली, दुसरी लावली, आणि गेली की परत उलटी! बाई ओरडत पळाली मागे. म्हणे कंडक्टर हात जोडून म्हणाला, ‘वरून ऑर्डर आहे.’ वरून म्हणजे कुठून रे? आकाशातून?”

कंट्रोलरचा घास हातातच राहिला.

“नर्सबाईने आज लाल शाईने लिहिलं,” ताई पुढे म्हणाली. “म्हणाली, आजी, अजून एकदा झालं तर माझ्या हातात काही नाही. मी म्हटलं, बाई, माझा भाऊच बसचा कंट्रोलर आहे, तो बघेल.” ती थोडी हसली. “बघशील ना?”

“बघतो,” तो म्हणाला.

दोन्ही वेळा आज्ञा त्यानेच दिली होती. मागच्या मंगळवारी आणि आज, सात पंचवीसला, मिनिटसाहेब बाजारात उभे असताना, सर्वांत जवळची बस म्हणून त्याने नऊ नंबरच उचलली होती. त्या बसची वाट पाहत कोण उभे आहे, हा विचार त्याच्या मनात आला नव्हता, कारण फळ्यावर बिल्ले होते, माणसे नव्हती. त्याने ताईला काहीच सांगितले नाही. पाणी पिऊन तो उठला आणि घरी जाताना रस्त्यातील एका दगडाला त्याने अशी लाथ मारली की अंगठ्याचे नख काळेनिळे झाले.

दुसऱ्या दिवशी तो मॅनेजरांच्या खोलीत गेला.

“साहेब, ही पळवापळवी बंद करू या. लोकांचे हाल होतात.”

मॅनेजर शांतपणे चहा ढवळीत होते. “शुक्रवारी सभा आहे. अध्यक्ष सांगणार आहेत की सेवा उत्तम चालली आहे, म्हणून सुट्या भागांचा खर्च कमी करता येईल.”

“म्हणजे वर्कशॉपमागच्या पस्तीस गाड्या...”

“मागच्या पस्तीस गाड्या राखीव आहेत,” मॅनेजर म्हणाले. “तू बिल्ले फिरव. तुझं काम तेच. फार शहाणपणा सुचला तर टायर विभागात एक जागा रिकामी आहे.”

वाचकहो, संतापाचे पुष्कळ प्रकार असतात. काही भडकतात आणि विझतात. कंट्रोलरचा संताप नवा होता आणि त्याला दोन तोंडे होती. एक तोंड वरच्या मंडळींकडे होते, जे बस वाढवण्याऐवजी फोटो वाढवीत होते. दुसरे तोंड त्याच्या स्वतःकडेच होते, आणि ते अधिक जोरात चावत होते.

गुरुवार उजाडला. शुक्रवारच्या सभेपूर्वीचा हा शेवटचा दिवस, म्हणून मिनिटसाहेब आज पत्रकारांना घेऊन थांब्यावर जाणार होते. सात सव्वीसला पांढरा टेलिफोन वाजला.

“बाजार. चार नंबर. आज छापायला माणसं आलीत, दोन मिनिटांत गाडी पाहिजे.”

कंट्रोलरने फळ्याकडे पाहिले. चार नंबरच्या मार्गावर खऱ्या अर्थाने दोनच बस होत्या. एक पुलावर बंद पडून उभी होती, दुसरी मार्गाच्या पार पलीकडच्या टोकाला. बाजाराच्या जवळ होती ती एकच, नऊ नंबर, गिरणीकडे निघालेली. म्हणजे पुन्हा तीच.

त्याने काळा टेलिफोन उचलला. प्रथम त्याच्या मनात आले की ताईसाठी टॅक्सी पाठवावी आणि बस नेहमीसारखी साहेबांना द्यावी. दोन्हीकडे निभावेल. टॅक्सीच्या अड्ड्याचा क्रमांक त्याला पाठ होता. त्याने तीन आकडे फिरवलेही. मग त्याला शिवणवाली बाई आठवली, बसमागे ओरडत पळणारी. तिला तर त्याने कधी पाहिलेही नव्हते. त्या थांब्यावर ताई धरून तीस-चाळीस माणसे असतील. ताईला भाऊ कंट्रोलर होता. बाकीच्यांचा भाऊ कोण?

त्याने टेलिफोन खाली ठेवला. दोन्ही हात मांडीखाली घालून तो त्यांच्यावर बसला. आपल्या हातांचा त्याला भरवसा नव्हता.

सात पस्तीसला पांढरा वाजला. “गाडी कुठाय?”

“येईल, साहेब. तिच्या वेळेला.”

“कधी?”

“आठ वाजून पाच मिनिटांनी. रस्ता मोकळा असला तर.”

“तुझं डोकं फिरलंय का? नऊ नंबर वळव!”

“नऊ नंबर नऊ नंबरच्या लोकांची आहे, साहेब.”

सात चाळीसला गिरणीच्या थांब्यावरून नऊ नंबरच्या कंडक्टरचा फोन आला. “कंट्रोलरसाहेब, पाटी बदलू काय? माझा हात पाटीवरच आहे, विचारून घेतो.”

“बदलू नको. माणसं घे आणि सरळ दवाखान्याकडे जा.”

“खरंच?” कंडक्टर म्हणाला. “मग मला चिमटा काढा कुणीतरी!”

सात पंचावन्नला काळा टेलिफोन वाजला. या वेळी कंडक्टर नव्हता. बोलणारे स्वतः मिनिटसाहेब होते, बाजाराच्या थांब्यावरून, आणि त्यांच्या आवाजामागे थांब्यावरची गर्दी अगदी स्पष्ट ऐकू येत होती.

“मी समितीचा अध्यक्ष बोलतोय. अर्धा तास झाला मी इथे उभा आहे!”

मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला: “अर्धाच? मग अजून तुमची सुरुवात आहे, साहेब. इकडे सावलीत सरका.”

“अहो, त्यांचं घड्याळ बघा ना, दमलं बिचारं!” कोणी बाई म्हणाली, आणि पाचपंचवीस माणसे एकदम हसली.

“तुम्ही ऐकताय ना?” मिनिटसाहेब ओरडले. “ही काय पद्धत आहे? रोज तीन मिनिटांत येते आणि आज...”

“रोज?” तो म्हातारा आता टेलिफोनच्या अगदी जवळ आला असावा. “अहो, तुम्ही येता त्याच दिवशी येते! बाकीचे दिवस आम्ही इथे मुळं धरतो. आम्ही आपसांत म्हणतो पण, की साहेब रोज का येत नाहीत? ओ फोटोवाले, एक माझाही काढा. मी सात वर्षं उभा आहे इथे.”

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो हशा चांगला नव्हता. त्यात दात होते.

“साहेब,” कंट्रोलर म्हणाला, “आज तुम्हांला पहिल्यांदाच आमची खरी बससेवा मिळते आहे. बस आठ पाचला येईल. रांगेत उभे राहा.”

आणि त्याने टेलिफोन ठेवला.

आठ चोवीसला काळा टेलिफोन पुन्हा वाजला. दवाखान्याच्या दारातल्या चहावाल्याच्या फोनवरून ताई बोलत होती.

“पोचले रे. सहा मिनिटं हातात आहेत. आज बस अगदी शहाण्यासारखी आली. तू बघितलंस ना?”

“बघितलं,” तो म्हणाला.

सव्वानऊला मिनिटसाहेब आगारात आले. बसने नव्हे, मोटारीने. शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहरा तव्यासारखा तापला होता. मागे मॅनेजर, त्यांच्या मागे सचिव. पत्रकारांना फाटकाबाहेर थांबवले होते.

“कोण तो?”

“मी,” कंट्रोलर उभा राहिला.

“चाळीस मिनिटं! लोकांसमोर माझी अब्रू काढलीत! निलंबित का करू नये तुम्हांला?”

“करा, साहेब. पण आधी माझ्याबरोबर चला. शंभर पावलं.”

मॅनेजर मध्ये आले. “साहेब, मागे चिखल आहे, तुमचे बूट...”

“बूट पुसता येतात,” कंट्रोलर इतक्या जोराने म्हणाला की वर्कशॉपमधल्या मिस्तऱ्यांचे हातोडे थांबले.

वर्कशॉपच्या मागे, भिंतीपर्यंत, त्या पस्तीस बस उभ्या होत्या. उभ्या म्हणणेही त्यांचा मान ठेवणे होय. काहींना चाके नव्हती, त्या लाकडी ठोकळ्यांवर होत्या. काहींची इंजिने काढून दुसऱ्यांत घातलेली. एकीच्या खिडकीतून रानवेल आत जाऊन दुसऱ्या खिडकीतून बाहेर आला होता. एकीच्या मागच्या बाकावर मांजरी व्याली होती. टायर विभागातील दोन कामगार हात पुसत येऊन उभे राहिले.

“या राखीव बस,” कंट्रोलर म्हणाला. “यांतल्या वीस तरी महिन्याभरात रस्त्यावर येतील, सुटे भाग मिळाले तर. तेच भाग तुम्ही उद्या कमी करणार आहात. कारण सेवा उत्तम चालली आहे.”

मिनिटसाहेबांनी त्या वेलाकडे पाहिले. मग त्यांनी आवाज चढवला, पण त्यातला जोर ओसरला होता. “हे मला कुणी सांगितलं का नाही? मी काय घरी बसतो? मी स्वतः जाऊन उभा राहतो!”

“तुम्ही यायच्या आधी फोन करता, साहेब.”

“ती पद्धत आहे.”

“ती पद्धतच आम्हांला खाते! तुमचा फोन आला की मी कुणाच्या तरी तोंडची बस काढून तुमच्यापुढे आणून उभी करतो. अकरा महिने केलं. याच हातांनी. माझ्या सख्ख्या बहिणीची बस दोनदा पळवली मी, ती मशीनवर जगते, आणि आज तिसऱ्यांदा पळवली असती तर तिची पाळी गेली असती. कशासाठी? तुमच्या घड्याळात तीन मिनिटं दिसावीत म्हणून! तुम्ही खोटे नाही, साहेब, पण तुम्ही एकदाही गुपचूप आला नाहीत. एकदा, फक्त एकदा, कुणाला न सांगता तिकीट काढून बसला असता, तर या मॅनेजरची आणि माझी लबाडी अर्ध्या तासात उघडी पडली असती.”

मॅनेजर कोरड्या आवाजात म्हणाले, “साहेब, याची बदली मी आजच...”

“तुम्ही गप्प बसा,” मिनिटसाहेब म्हणाले. मग कंट्रोलरकडे वळून, “आणि तुम्ही शिस्त मोडली आहे.” आणि चिखलातून तसेच मोटारीकडे निघून गेले.

त्याच दुपारी कंट्रोलरची टायर विभागात बदली झाली. मॅनेजर मॅनेजरच राहिले. शुक्रवारच्या सभेत सुट्या भागांची कपात मंजूर झाली नाही. तो विषय ‘अधिक अभ्यासासाठी’ पुढे ढकलण्यात आला. टायर विभागात हे ऐकल्यावर कंट्रोलरने लोखंडी पहार जमिनीवर अशी आपटली की ठिणगी उडाली. “अभ्यास!” तो म्हणाला. “पस्तीस गाड्या बघून आला, अजून अभ्यास राहिलाय!”

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी तो ताईकडे गेला. ताई सकाळची गोष्ट सांगू लागली.

“आज थांब्यावर एक माणूस आला होता. चांगले बूट, पण काठाला चिखल वाळलेला. बस यायला उशीर, तर हा आपला सारखा रस्त्यावर वाकून बघतोय. बस दिसली तसा पुढे घुसायला लागला. मी म्हटलं, अहो, मागे या, रांग आहे. गेला मुकाट्याने मागे.”

“फोटोवाला होता बरोबर?”

“फोटोवाला कशाला असेल? एकटाच होता. दवाखान्यापर्यंत उभ्याने आला, दांडीला लोंबकळत. मला विचारतो, आजी, रोज इतका वेळ लागतो का? मी म्हटलं, मला काय विचारतोस, आठ दिवस उभा राहा, आपोआप कळेल. उद्धट बोलले का रे मी?”

“नाही,” कंट्रोलर म्हणाला. “कमीच बोललीस.”

तो मनुष्य गुरुवारी आला आणि शनिवारीही आला. त्यानंतरच्या सभेत वीस बसच्या सुट्या भागांना मंजुरी मिळाली, पस्तीसांच्या नव्हे. शिवाय असा ठराव झाला की प्रत्येक नगरसेवकाने आठवड्यातून एक दिवस, आगाऊ न कळवता, तिकीट काढून आपल्या भागातील बसने प्रवास करावा. ठरावाच्या विरोधात अकरा हात वर गेले. ते अकरा जण कोण, हे थांब्यावरच्या सर्व माणसांना आता पाठ आहे.

कंट्रोलर अजून टायर विभागातच आहे. सकाळी सात चाळीसला तो पहार खाली ठेवतो, फाटकाच्या दिशेने पाहतो, आणि नऊ नंबर गिरणीवर वेळेत पोचली की नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरला विचारतो. कोणी “पोचली” म्हणाले तरी त्याचा चेहरा निवळत नाही. “आज पोचली,” एवढेच तो म्हणतो, आणि पुन्हा पहार उचलतो.

वाचकहो, येथे हा वृत्तान्त संपतो. आपणांपैकी कोणी निवडून आलेले गृहस्थ अगर बाई असतील, तर त्यांच्या चरणी एकच विनंती: बससेवा सुधारावयाची असेल तर थांब्यावर जरूर यावे, रोज यावे, पण कृपा करून फोन करून येऊ नये. आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
ज्याला सारे आगार ‘पंक्चरबुवा’ म्हणते तो,
टायर विभाग, कंट्रोलरच्या शेजारचे बाकडे